रोध मोजून कार्बन फायबरमधलं नुकसान ओळखायचं कसं? नवशिक्यांसाठी पायरीपायरीने

धातूच्या पत्र्यावर हातोडी पडली तर पत्रा चेमटतो आणि चेमटलेलं दिसतं. कार्बन फायबरच्या पट्टीचं तसं नाही. वरून नखाने चाचपडावा लागेल एवढासा खळगा, कधी तोही नाही. आत मात्र थर एकमेकांपासून सुटलेले, धाग्यांना चिकटवून धरणाऱ्या रेझिनला तडे गेलेले आणि मागच्या बाजूचे काही धागे तुटलेले. हे शोधायला अल्ट्रासाउंड आहे, एक्स-रे आहे, नाण्याने टकटक करून आवाज ऐकायची जुनी पद्धतही आहे. पण या पदार्थाचे धागे स्वतःच वीज वाहतात. म्हणजे वेगळा सेन्सर न चिकटवता खुद्द पदार्थालाच विचारता येतं की बाबा, तुझ्या आत काय झालं आहे?

ताण दिला की तारेचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा (रेझिस्टन्स), बदलतो हे केल्विनने १८५६ मध्येच दाखवलं होतं. कार्बन फायबरच्या कंपोझिटवर, म्हणजे धागे आणि रेझिन मिळून झालेल्या पदार्थावर, भार टाकत टाकत रोध मोजायचा आणि त्यावरून आतली मोडतोड ओळखायची, हे काम शुल्टे आणि बॅरन या संशोधकांनी १९८९ साली प्रसिद्ध केलं. तेव्हापासून यावर भरपूर काम झालं आहे, आणि घरच्या टेबलावर करून बघण्याइतकं ते सोपंही आहे. निदान तसं वाटतं.

खरी मेख अशी की रोध मोजणं सोपं आहे, पण बदललेला रोध कशामुळे बदलला हे सांगणं अवघड आहे. माझा पहिला "शोध" मला चांगला आठवतो. पट्टी ओढायच्या मशीनमध्ये लावली होती आणि भार वाढत असताना रोध एकदम ४ टक्क्यांनी वर गेला. मी वहीत तारीख-वेळ टाकून "धागे तुटायला सुरुवात" असं लिहिलं आणि खाली दोन रेघाही मारल्या. संध्याकाळी पट्टी काढून भिंगाखाली धरली तर पट्टी ठणठणीत होती. तडा गेला होता तो तारा जोडायला मी लावलेल्या चांदीच्या वाहक रंगाला. या लेखातल्या निम्म्या पायऱ्या त्या दिवसाची परतफेड आहेत असं समजा.

वीज जाते कुठून

कार्बनचा एक धागा साधारण ७ मायक्रोमीटर जाडीचा, म्हणजे केसाच्या दहाव्या हिश्श्याएवढा असतो. सर्वसाधारण प्रकारच्या धाग्याची रोधकता ०.००००१७ ओहम-मीटरच्या आसपास असते. तांब्याच्या तुलनेत ती हजारपट जास्त, पण तरी वाहकच. धाग्यांना धरून ठेवणारी एपॉक्सी (म्हणजेच इथली रेझिन) मात्र पक्की विद्युतरोधक. धाग्यांचं प्रमाण आकारमानाने ६० टक्के धरलं तर धाग्यांच्या दिशेने वीज आरामात वाहते.

आडव्या दिशेने खरं तर वाहायलाच नको, कारण दोन धाग्यांमध्ये एपॉक्सी आहे. पण धागे काही फूटपट्टी लावून आखलेले नसतात. ते किंचित लहरतात, शेजाऱ्याला टेकतात, पुन्हा दूर होतात. या टेकण्याच्या जागांमधून वीज एका धाग्यावरून दुसऱ्यावर उडी मारते. त्यामुळे आडवी वाहकता शून्य नसते, लांबीच्या दिशेच्या हजाराव्या हिश्श्याच्या घरात असते. जाडीच्या दिशेने ती आणखी कमी, कारण दोन थरांच्या मधे बहुधा रेझिनचा पातळ पापुद्रा असतो.

एवढं डोक्यात बसलं की नुकसानाची भाषा कळते. धागा तुटला की लांबीच्या दिशेचा रोध वाढतो. थर सुटले की जाडीच्या दिशेच्या टेकण्याच्या जागा तुटतात, त्यामुळे त्या दिशेचा रोध वाढतो आणि लांबीच्या दिशेला फारसं काही कळतही नाही. रेझिनमध्ये धाग्यांना समांतर तडे गेले की आडवा रोध वाढतो. म्हणजे कुठलं नुकसान शोधायचं आहे ते आधी ठरवायचं आणि वीज त्याच्या वाटेत येईल अशी सोडायची. उलट क्रमाने गेलात तर दिवसेंदिवस मोजत बसाल आणि हाती काही लागणार नाही.

पायरी १: आधी कागदावर आकडा काढा

सुरुवातीला एकदिशी पट्टी घ्या, म्हणजे जिच्यात सगळे धागे लांबीच्या दिशेने आहेत. समजा ती २०० मिलिमीटर लांब, २० रुंद आणि २ मिलिमीटर जाड आहे. ०.१२५ मिलिमीटरचे १६ थर रचले की ही जाडी येते. व्होल्टेज मोजायच्या दोन इलेक्ट्रोडांमध्ये, म्हणजे तारा जोडायच्या जागांमध्ये, १०० मिलिमीटर अंतर ठेवू. धाग्यांची रोधकता आणि ६० टक्के प्रमाण धरून गणित केलं की त्या १०० मिलिमीटरचा रोध सुमारे ७० मिलिओहम येतो.

आता हाच आकडा साध्या मल्टिमीटरच्या नजरेने बघा. त्याच्या दोन वायरींचाच रोध ०.२ ते ०.५ ओहम असतो. म्हणजे जे मोजायचं आहे त्याच्या कित्येक पट रोध वायरींमध्येच बसलेला. त्यावर पट्टीला टेकवलेल्या टोकाचा संपर्करोध, आणि तो बोटाच्या दाबानुसार बदलणारा. मल्टिमीटर इथे फक्त "वीज जाते की नाही" एवढंच सांगू शकतो. तेवढ्यासाठी तो जरूर वापरा, त्याहून जास्त विश्वास टाकू नका.

याच पट्टीत धागे आडवे असते तर तोच रोध दहापट-वीसपट नव्हे, काही शेकडा पटींनी वाढून दहा-वीस ओहमांत किंवा त्याहूनही वर गेला असता. तुमच्या हाती आलेली पट्टी कुठल्या रचनेची आहे ते माहीत नसेल तर नुसत्या या फरकावरूनही थोडाफार अंदाज येतो.

पायरी २: पृष्ठभाग उघडा करा

पट्टीवर वरून एपॉक्सीची पातळ कातडी असते. तिच्यावर कितीही चांगला इलेक्ट्रोड लावा, तो बसलेला असतो प्लास्टिकवर. ३२० किंवा ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने, पाणी लावून, हलक्या हाताने घासा. आधी चकाकी जाते, मग राखाडी-काळं पाणी यायला लागतं आणि मग तिरप्या उजेडात धाग्यांची बारीक रेशमी रेघ दिसते. तिथे थांबा. आणखी घासलंत तर धागे तुटतील, म्हणजे नुकसान शोधायच्या आधीच तुम्ही ते करून ठेवाल.

पाणी लावून घासायचं त्यामागे कारण आहे. कार्बनची कोरडी धूळ अंगाला खाजते, श्वासात जाणं वाईट, आणि ती वीजवाहक असते. उघड्या सर्किट बोर्डावर ही धूळ बसली की असे विचित्र शॉर्ट होतात की माणूस चक्रावतो. मास्क आणि हातमोजे घाला आणि घासायची जागा मोजायच्या उपकरणांपासून लांब, शक्यतो दुसऱ्या खोलीत ठेवा. घासून झालं की आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा ॲसिटोनने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. त्यानंतर त्या जागेला बोट लावायचं नाही.

पायरी ३: इलेक्ट्रोड

इथे घाई करू नका. सगळा प्रयोग याच पायरीवर उभा राहतो किंवा कोसळतो.

कार्बनच्या धाग्यावर साधं सोल्डर चिकटत नाही, गोळी होऊन घरंगळतं. म्हणून चांदीचा वाहक रंग किंवा दोन भाग मिसळून वापरायची चांदीची एपॉक्सी लागते. रंग लवकर वाळतो, पण ठिसूळ असतो. एपॉक्सीला वेळ लागतो, पण पट्टी ताणली तरी ती टिकते. भार देऊन प्रयोग करायचा असेल तर सरळ चांदीची एपॉक्सी वापरा. माझ्या त्या ४ टक्क्यांचं मूळ रंगातच होतं. पट्टी तुम्ही स्वतः बनवत असाल तर पातळ तांब्याची पट्टी थरांमध्ये ठेवून सोबतच पक्की करता येते. घासलेल्या जागेवर तांब्याचा मुलामा चढवणं हा आणखी पक्का मार्ग. तार बारीक आणि लवचिक तांब्याची घ्या आणि इलेक्ट्रोडपासून थोड्या अंतरावर साध्या एपॉक्सीच्या थेंबाने पट्टीला चिकटवून टाका. तारेला धक्का लागला तर तो थेंबाने सोसावा, चांदीने नाही. ॲल्युमिनियमची फॉइल मात्र वापरू नका. ओलावा मिळाला की कार्बनच्या संगतीत ॲल्युमिनियम गंजतं.

एकूण चार इलेक्ट्रोड लागतील. बाहेरचे दोन करंट देण्यासाठी, आतले दोन व्होल्टेज वाचण्यासाठी. आतले दोन म्हणजे पट्टीच्या पूर्ण रुंदीवर, शक्यतो चारही बाजूंनी वेढा घालणारी एक-दोन मिलिमीटरची बारीक रेघ.

बाहेरच्या दोघांची जागा नीट समजून घ्या, कारण बहुतेक नवखे इथे फसतात. करंटचे इलेक्ट्रोड नुसते वरच्या पृष्ठभागावर लावले तर करंट वरच्या थरांतच वाहत राहतो. लांबीच्या आणि जाडीच्या वाहकतेत हजारपट फरक धरला, तर करंटच्या दृष्टीने पट्टीची जाडी हजाराच्या वर्गमूळाएवढ्या, म्हणजे सुमारे ३२ पटींनी फुगते. २ मिलिमीटरची पट्टी विजेला ६३ मिलिमीटर जाड ठोकळ्यासारखी वाटते. तळापर्यंत पसरायला करंटला तेवढंच अंतर चालावं लागतं आणि तोवर तुमचा व्होल्टेजचा इलेक्ट्रोड येऊन गेलेला असतो. मग तळाच्या थरात धागे तुटले तरी वरच्या आकड्याला त्याचा पत्ता लागत नाही. यावरचा उपाय सोपा आहे. करंटचे इलेक्ट्रोड पट्टीच्या कापलेल्या टोकांवर लावा. तिथे प्रत्येक थरातल्या प्रत्येक धाग्याचं तोंड उघडं असतं. टोक नीट घासा, पुसा आणि पूर्ण छेदावर चांदीची एपॉक्सी लावा.

थर सुटलेले शोधायचे असतील तर मात्र हाच दोष कामाला येतो. तेव्हा मुद्दाम करंट वरच्या पृष्ठभागावरून द्यायचा आणि व्होल्टेज वर आणि खाली दोन्हीकडे मोजायचं. मधे थर सुटला की करंटला खाली उतरायची वाट कमी होते. वरच्या बाजूचं व्होल्टेज वाढतं, खालच्या बाजूचं घटतं, आणि दोन्हींची तुलना नुसत्या एका आकड्यापेक्षा कितीतरी जास्त सांगून जाते.

पायरी ४: जोडणी आणि तीन परीक्षा

बाहेरच्या दोन इलेक्ट्रोडांतून स्थिर करंट सोडा, १०० मिलिॲम्पिअर पुरे. आपल्या पट्टीवर आतल्या इलेक्ट्रोडांमध्ये सुमारे ७ मिलिव्होल्ट मिळतील. व्होल्टमीटर जवळजवळ काहीच करंट ओढत नाही, त्यामुळे आतल्या इलेक्ट्रोडांचा संपर्करोध हिशेबातून गळून पडतो. चार तारांच्या पद्धतीची खुबी एवढीच. करंट वाढवून सिग्नल मोठा करायचा मोह होईल, पण जास्त करंटने पट्टी तापते आणि तापली की रोध बदलतो. मग तुम्ही स्वतःच केलेली गरमी मोजत बसता.

१ टक्का बदल म्हणजे ७० मायक्रोव्होल्ट आणि ०.१ टक्का म्हणजे ७. एवढ्या बारीक पातळीवर तांबं आणि कार्बन यांच्या जोडाचं स्वतःचं तापव्होल्टेज आडवं येतं. दोन जोडांच्या तापमानात एका अंशाचा फरक पडला तरी काही मायक्रोव्होल्ट फुकटात तयार होतात. म्हणून प्रत्येक रीडिंग दोनदा घ्या, एकदा करंट सुलटा आणि एकदा उलटा. दोन्ही व्होल्टेजांची वजाबाकी करून निम्मं केलं की तापव्होल्टेज निघून जातं. चांगले मायक्रोओहममीटर हे आपोआप करतात. स्वतः सर्किट बांधणाऱ्याने २४ बिटचा ॲनालॉग-डिजिटल कन्व्हर्टर आणि करंटची दिशा फिरवणारा स्विच एवढी सोय केली तरी भागतं.

जोडून झालं की लगेच प्रयोगाला लागू नका. आधी तीन परीक्षा घ्या. करंट निम्मा केला की व्होल्टेज बरोबर निम्मं व्हायला हवं. झालं नाही तर कुठला तरी संपर्क कच्चा आहे किंवा पट्टी तापते आहे. मग करंटच्या आणि व्होल्टेजच्या जोड्यांची अदलाबदल करा, म्हणजे करंट आतून द्या आणि व्होल्टेज बाहेरून वाचा. जोडणी निर्दोष असेल तर रोध तोच येतो. ही परीक्षा फुकटची आहे, दोन मिनिटांची आहे, आणि तरी फार कमी लोक ती घेतात. तिसरी परीक्षा अगदी रांगडी. रीडिंग चालू असताना पेन्सिलीच्या टोकाने प्रत्येक तारेला हळूच हलवा. आकडा हलला तर तो इलेक्ट्रोड खरवडून नव्याने लावा.

पायरी ५: काहीही न करता मोजत राहा

पट्टी टेबलावर ठेवा आणि एक पूर्ण दिवस नुसती मोजा. भार नाही, धक्का नाही. कंटाळवाणं आहे, मान्य. पण या दिवसाशिवाय पुढचा कुठलाही आकडा पोकळ आहे. सकाळपासून रात्रीपर्यंत खोलीचं तापमान वरखाली होतं आणि रोध त्याच्या मागोमाग उलट्या दिशेने जातो. कार्बनच्या धाग्याचा रोध तापमान वाढलं की घटतो, धातूच्या अगदी उलट. दहा अंशांच्या फरकाने काही दशांश टक्के बदल सहज होतो, आणि लहानसहान नुकसानाची खूणही साधारण तेवढीच असते. ओलाव्याचा परिणाम सावकाश होतो. रेझिन फुगतं, धाग्यांचे टेकू सैलावतात आणि विशेषतः आडव्या दिशेचा रोध दिवसागणिक चढत जातो.

यावर मला पटलेला तोडगा म्हणजे जुळी पट्टी. त्याच तुकड्यातून कापलेली, तसेच इलेक्ट्रोड लावलेली दुसरी पट्टी शेजारी ठेवायची. तिला भार द्यायचा नाही, कशाने ठोकायचं नाही. दोघींच्या रोधांचं गुणोत्तर बघायचं. खोली तापली तर दोघी सारख्याच बदलतात आणि गुणोत्तर जागेवर राहतं. तापमानाची नोंद मात्र तरीही ठेवाच.

दिवसभराच्या नोंदींवरून आकडा स्वतःहून किती डुलतो ते काढा. त्या डुलण्याच्या प्रमाण विचलनाच्या (स्टँडर्ड डेव्हिएशनच्या) तिपटीहून लहान बदलाला यापुढे "नुकसान" म्हणायचं नाही, हे स्वतःला आत्ताच बजावून ठेवा. आकडे समोर आल्यावर माणूस प्रामाणिक राहतोच असं नाही.

पायरी ६: माहीत असलेलं नुकसान करून बघा

न दिसणारं नुकसान शोधायच्या आधी दिसणारं करून बघावं. पट्टीच्या मधोमध ५ मिलिमीटरचं भोक पाडा. मागे लाकूड धरा, नाहीतर ड्रिल बाहेर पडताना मागचे थर उखडतात आणि तुम्ही एकाऐवजी दोन नुकसानं मोजता. पाडण्याआधी, पाडल्यानंतर आणि पट्टी पुन्हा थंड झाल्यावर अशी तीन रीडिंगं घ्या.

किती बदल अपेक्षित आहे? तेवढीच धातूची पट्टी असती तर १०० मिलिमीटरच्या अंतरात रोध साधारण २ टक्क्यांनी वाढला असता, कारण धातूत करंट भोकाला वळसा घालून लगेच पुन्हा पसरतो. कार्बनच्या एकदिशी पट्टीत कापलेल्या धाग्यांच्या पुढे-मागे एक लांबच लांब सावली पडते. शेजारच्या धाग्यातून करंट परत आत यायला कित्येक सेंटिमीटर लागतात. सावली पूर्ण १०० मिलिमीटरभर पडली असं धरलं तर २० पैकी १५ मिलिमीटरच कामाचे उरले, म्हणजे वाढ एक तृतीयांश. तुमचं रीडिंग २ आणि ३३ टक्के यांच्या मधे कुठेतरी यावं. ते कुठे पडतं त्यावरून तुमच्या पट्टीत धागे एकमेकांना किती टेकलेले आहेत तेही कळतं. आकडा या पट्ट्याच्या बाहेर गेला तर पट्टीला नव्हे, जोडणीला प्रश्न विचारा.

पायरी ७: भार द्या, आणि भार काढाही

आता पट्टी ओढायच्या मशीनमध्ये लावा. मशीनचे जबडे धातूचे असतात आणि मशीन अर्थिंगला जोडलेलं असतं. पट्टीची टोकं थेट जबड्यात गेली तर करंट चोरवाटेने फ्रेममधून फिरून येतो. टोकांना काचेच्या फायबरचे टॅब चिकटवा. ते पकडही देतात आणि वीजही अडवतात. करंटचा इलेक्ट्रोड टोकाच्या छेदावर असल्याने त्याची तार जबड्याला न घासता बाहेर येईल अशी जागा आधीच ठेवा.

पट्टी ताणली की निरोगी असतानाही रोध वाढतो. धागा लांबतो, बारीक होतो. धाग्यांच्या दिशेने ही वाढ साधारण स्ट्रेनच्या, म्हणजे लांबी जितके टक्के वाढली त्याच्या, दुप्पट असते. ०.५ टक्के ताणलं तर रोध १ टक्क्याच्या आसपास वाढेल. हे नुकसान नाही. पूर्वी काही प्रयोगांत ताणल्यावर रोध घटल्याचं दिसलं होतं आणि त्यावर बरीच वर्षं वाद चालला. पुढे तोदोरोकी हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की इलेक्ट्रोडचा धाग्यांशी संपर्क कच्चा असेल तर असा उलटा परिणाम दिसू शकतो. तज्ज्ञांच्या वादाच्या तळाशीही इलेक्ट्रोडच निघाला, तर आपली काय कथा!

म्हणून भार एका दमात वाढवत नेऊ नका. थोडा वाढवा, पूर्ण काढा, दोन मिनिटं थांबा, रोध नोंदवा. मग आधीपेक्षा थोडा जास्त द्या, पुन्हा काढा. भाराखालचा रोध एका आलेखात आणि भार काढल्यावरचा दुसऱ्या आलेखात काढा. भार काढल्यावर जो मूळ जागी परत येतो तो ताण. जो परत येत नाही, तो संशयित. सुरुवातीची काही आवर्तनं दुसरा आलेख जमिनीला चिकटून आडवा जातो. मग एका विशिष्ट भारापासून तो पायऱ्यापायऱ्यांनी उठायला लागतो. धागे तुटायला लागले की पायऱ्या दाट होतात आणि शेवटच्या टप्प्यात तर कानालाही बारीक टिकटिक ऐकू येते. संरक्षक चष्मा या टप्प्याच्या खूप आधीपासून घातलेला हवा, कारण कार्बनची पट्टी तुटते तेव्हा तिच्या काड्या उडतात.

उठलेल्या पायरीला नुकसान म्हणण्याआधी पायरी ४ मधल्या परीक्षा पुन्हा घ्या, निदान अदलाबदलीची तरी. जुळ्या पट्टीचं गुणोत्तर बघा. आकडा एकदम उडी मारून थोड्या वेळाने आपोआप परतला तर तार. हळूहळू सरकत गेला तर तापमान किंवा ओलावा. दर आवर्तनाला थोडा खाली जात असेल तर बहुधा संपर्क अजून "बसतो" आहे. उडी मारून भाराशिवायही तिथेच राहिला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळीही तिथेच असला, तर मग बोला.

पायरी ८: कुठे झालं आहे?

एका जोडीचा रोध सांगतो की "काहीतरी झालं". जागा सांगायला इलेक्ट्रोड वाढवावे लागतात. पट्टीवर समान अंतराने सहा-आठ रेघा ओढा, टोकांतून करंट द्या आणि शेजारशेजारच्या रेघांमधलं व्होल्टेज ओळीने वाचा. कुठला टप्पा बिघडला ते सरळ दिसतं. आधी सांगितलेल्या सावलीमुळे शेजारचे टप्पेही थोडे हलतील, पण सगळ्यात जास्त हललेला टप्पा सहसा खरं बोलतो. पहिल्या वर्षभरात यापुढे जायची गरज नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

चौकोनी पाटीवर कडेने इलेक्ट्रोड लावून आतल्या वाहकतेचं चित्रच काढायची पद्धतही आहे. १६ इलेक्ट्रोड लावले आणि शेजारच्या जोड्या वापरल्या तर १०४ स्वतंत्र रीडिंगं मिळतात. हिशेब असा की इलेक्ट्रोडांच्या संख्येतून तीन वजा करा, त्याला संख्येनेच गुणा आणि दोनने भागा. ऐकायला भरपूर वाटतं, पण पाटीच्या मध्यभागातल्या बदलाचा कडेच्या व्होल्टेजवर परिणाम फारच क्षीण होतो आणि रीडिंगमधली बारीकशी चूक चित्रात मोठा डाग होऊन उमटते. शिवाय तयार सॉफ्टवेअर बहुधा सगळ्या दिशांना सारखी वाहकता धरून चालतं. एकदिशी कार्बनवर ते तसंच वापरलं तर चित्र सुंदर येतं आणि चुकीचं येतं. धागे सर्व दिशांना सारखे वाटलेल्या पाटीवर ते बऱ्यापैकी चालतं.

विमानाच्या तुकड्यांवर हात आजमावायचा असेल तर एक लक्षात असू द्या. बोईंग ७८७ चं वजनाने सुमारे निम्मं बांधकाम कंपोझिटचं आहे, आणि अशा विमानांच्या बाहेरच्या कार्बनच्या भागांवर आकाशातून पडणाऱ्या विजेपासून संरक्षणासाठी धातूची बारीक जाळी बसवलेली असते. ती जाळी तुमचा सगळा करंट गिळून टाकते. अशा तुकड्यावर वरून मोजणं म्हणजे जाळीचा रोध मोजणं.

काचेचे धागे असतील तर

काच वीज वाहत नाही, त्यामुळे वरचं सगळं तिथे लागू होत नाही. रेझिनमध्ये कार्बन नॅनोट्यूब, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या, मिसळून तिला किंचित वाहक करता येतं. नॅनोट्यूब इतक्या लांबट आणि बारीक असतात की वजनाने एक टक्क्याहून बऱ्याच कमी प्रमाणातही त्यांचं अखंड जाळं तयार होतं. तडा गेला की जाळं तुटतं आणि रोध चढतो. रेझिनच्या तड्यांना ही पद्धत कार्बन फायबरपेक्षाही जास्त संवेदनशील असते, कारण वीज इथे रेझिनमधूनच वाहते. रोध किलोओहम ते मेगाओहमांत असतो, म्हणून वायरींच्या रोधाची काळजी संपते. तिची जागा पृष्ठभागावरच्या ओलाव्यातून आणि बोटांच्या ठशांतून होणारी करंटची गळती घेते. नॅनोट्यूबची कोरडी भुकटी उघड्यावर हाताळू नका. नवख्याने आधीच रेझिनमध्ये मिसळून तयार केलेलं मिश्रण वापरावं.

शेवटी कापून बघा

सुरुवातीच्या निदान पाच-सहा पट्ट्या मोजून झाल्यावर कापल्याच पाहिजेत. आधी नाण्याने टकटक करा. धड जागी टणक आवाज येतो, थर सुटलेल्या जागी बोदा. अल्ट्रासाउंडची सोय असेल तर त्याचा नकाशा काढा. मग ज्या टप्प्यात रोध सगळ्यात जास्त बदलला तिथून बारीक पात्याने, पाणी सोडत, आडवा छेद घ्या. तुकडा एपॉक्सीच्या गोळ्यात बसवा आणि पॉलिश पेपरचे नंबर चढवत चढवत आरशासारखा करा. सूक्ष्मदर्शकाखाली धाग्यांची गोल टोकं पांढरट ठिपक्यांसारखी दिसतात. दोन थरांच्या मधे काळी, वेडीवाकडी रेघ असेल तर थर सुटला आहे. ती किती मिलिमीटर लांब आहे ते मोजून त्याच पानावर, रोधाच्या आकड्याशेजारी लिहा. रेघ नसेल तर "रेघ नाही" असंही लिहा, आणि त्या पट्टीचा इलेक्ट्रोड भिंगाखाली धरा.